पोस्टबॉक्सपाशी उभं राहून

मी डॉक्टरकाकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, हात पाठीमागे बांधले आणि भिंतीकडे असं बघितलं, जणू तिने गृहपाठच केलेला नाही. आमचा सुतार गॅरी हसून हसून स्कॅफोल्डिंगच्या परांचीवरून खाली पडायचाच बाकी होता.

मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मार्गारेटबाई झालो होतो. बाई कॉन्झर्व्हेशन ऑफिसर. जुन्या गल्लीतली घरं जुन्यासारखीच दिसतायत ना, हे बघणं त्यांचं काम.

काम चालू होतं ते घर इंग्लंडात, केंटमधलं, डॉक्टरकाकांचं. बाहेरून वेदरबोर्ड, म्हणजे कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या आडव्या लाकडी फळ्या. काकांनी मागे कधीतरी त्या काढून प्लॅस्टिकच्या लावल्या होत्या. परवानगी कशाला, घर माझंच ना, असं त्यांचं नागपुरी लॉजिक. कौन्सिलला ते पटलं नाही, परत लाकडीच लावा म्हणाले. आता काकांना घर विकून कार्डिफला लेकीजवळ जायचं होतं. गिऱ्हाईक तयार होतं, पण गुरुवारी बाईंनी नवीन लाकडी फळ्या पास केल्या तरच. पुस्तकांचे खोके भरून हॉलमध्ये रचलेले. आम्ही त्यांच्यावरच बसून चहा प्यायचो. शिवाय साइट मॅनेजर म्हणून माझी ही पहिलीच साइट.

फलटणला आमच्या शाळेत साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या दिवशी रंगीत तालीम व्हायची. साहेब कायम मीच. म्हणून मंगळवारी म्हटलं, इथेही तालीम घेऊ.

बाईंची एक सवय होती. सगळं बघून झालं की त्या मागे मागे चालत रस्ता ओलांडायच्या, समोरच्या पोस्टबॉक्सला टेकायच्या आणि एक डोळा मिटायच्या. मीही तस्साच मागे गेलो. टेकलो. डोळा मिटला.

आणि चष्मा काढून परत बघितलं.

पुढच्या भिंतीवरच्या फळ्यांच्या रेघा कोपऱ्यापर्यंत येत होत्या, आणि बाजूच्या भिंतीवर बोटभर खालून पुढे जात होत्या. सगळ्याच. तीन आठवडे आम्ही भिंतीला नाक लावून काम करत होतो, वर स्कॅफोल्डिंगची जाळी. ती त्याच सकाळी निघाली होती. रस्ता कोणीच ओलांडला नव्हता. बाजूची जमीन उतरती, गॅरीने माप घेतलं जमिनीपासून, आणि ते चेक करून ओके म्हणणारा मी.

"गॅरी, इकडे ये."

"हा काही मार्गारेटचा आवाज नाही," गॅरी म्हणाला.

"नाही. माझाच आहे."

गॅरी आला. मागून काका आले. बोटभर फरक कोणाला दिसतोय, म्हणाले. मग त्यांनीही एक डोळा मिटला. "दिसतोय रे."

तो उरलेला दिवस आणि बुधवार खपून बाजूची अख्खी भिंत उतरवून परत चढवली. या वेळी पुढच्या भिंतीची रेघ लेव्हल लावून कोपऱ्यावरून वळवली. गॅरीने इतक्या शिव्या घातल्या की माझ्याकडे नकलेचं वर्षभराचं सामान झालं.

गुरुवारी बाई आल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात मागे. गॅरी बुटांकडे बघत राहिला. बाई मागे मागे पोस्टबॉक्सपाशी गेल्या, टेकल्या आणि डोळा मिटला. काकांनी माझा दंड धरला होता.

"कोपरा छान जुळलाय," त्या म्हणाल्या. "इथून माझ्याशिवाय कोणी बघत नाही. कोणी बघितलं?"

"तुम्हीच," गॅरी म्हणाला. "मंगळवारी."

मग सांगावं लागलं. मग करूनही दाखवावं लागलं. चष्मा काकांनी स्वतःहून काढून दिला, फार आनंदाने. बाईंनी सगळी नक्कल शांतपणे बघितली.

"मी चष्मा इतका खाली ओढत नाही," त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, आणि सही केली.

काका कार्डिफला गेले. तिथलं घर विटांचं आहे, काही बदलायची सोय नाही, म्हणून लेक खूश आहे. गॅरी आता प्रत्येक साइटवर शेवटी विचारतो, मार्गारेट कधी येणार? आणि मी चष्मा शोधायला लागतो.

धडा एवढाच, की काम झालं की रस्ता ओलांडून बघावं. ओलांडताना मात्र तोंड पुढे ठेवावं. मंगळवारी मला दोन गाड्यांनी हॉर्न मारले होते.