बर्फाच्या कारखान्यातलं गाऱ्हाणं

मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात मी मॅनेजर होतो, आणि यंत्र सांभाळणारा एक कामगार होता. कंप्रेसरवर तळहात ठेवून म्हणायचा, "आज बाय रुसली आसा." दिवसभराचं त्याचं बोलणं बहुधा एवढंच.

त्या पावसाळ्यात यंत्रातला अमोनिया वायू गळला. झडप माझ्याकडून उघडी राहिली होती, पण मालकांना मी त्याचं नाव सांगितलं. हे त्याला ठाऊक होतं. आता आपल्याला काढणार, हेही.

नारळी पौर्णिमेला यंत्रापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तोच घालायचा. त्या दिवशीही घातलं. त्याला काढल्याचं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो कारखानो चालतो रवांदे. आमच्या सायबाच्या हातसून काय चुकलां आसात, तर तां पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. माझा हात खिशावर गेला.

नारळ फोडून त्याने पहिला तुकडा मला दिला आणि हात पुसले. "हाडा सायबानू, तां पत्र. किती येळ खिशात ठेवशात?"

सगळी माणसं समोर होती. खरं सांगायला एक क्षण पुरला असता. मी पत्र काढून त्याच्या हातात दिलं.