यादीतलं नाव

मालतीताई दातार यांची आणि माझी पहिली भेट फारशी गोड झाली नाही. आमच्या शिक्षणसंस्थेच्या संगणक कक्षात मी तात्पुरत्या नेमणुकीवर रुजू झालो, तो दिवस. ताई जागेवर नव्हत्या. त्यांच्या टेबलावर एक कागद उघडा पडला होता आणि वेळ जावा म्हणून मी तो वाचू लागलो. मागून आवाज आला, "वाचायला दिलाय का तुला?" मी गडबडून म्हणालो, "टेबलावरच होता." त्यावर त्या म्हणाल्या, "टेबल माझं आहे ना?" पुढे त्यांनी मला चहा पाजला. पण कागद आधी पालथा घातला.

आज ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. काशीतल्या आपल्या मराठी मंडळींना त्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या, गणपती उत्सवात पहिल्यापासून शेवटपर्यंत राबणाऱ्या म्हणून ठाऊक आहेत. कार्यालयात त्या काय करीत हे मात्र घरच्यांनाही नीट सांगता येत नाही, म्हणून ते लिहितो.

संस्थेत सर्व्हर आला तेव्हा सगळे अहवाल कपाटांतून त्यात गेले. प्रत्येकाला त्यात स्वतःचा फोल्डर मिळाला. कोणी कोणाचा अहवाल नुसता पाहायचा, कोणी बदलायचा आणि कोणी उघडायचाच नाही, याची यादी ताईंकडे असे. काम किचकट, त्यात मानाचा भाग नाही आणि रोष मात्र भरपूर. "हमसे क्या छिपाना, मैडम?" असं विचारणाऱ्यांची रांग असे. ताई सर्वांना एकच उत्तर देत, "आपसे नहीं छिपाया, उनका है इसलिए रखा है।"

यादीत नावं घालण्याचं आणि काढण्याचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. घालण्यात मी हुशार होतो. काढण्यात माझा हात अडखळे. आमचे निवृत्त विभागप्रमुख मिश्राजी रोज सकाळी अहिल्याबाई घाटावर स्नानाला येत, माझी विचारपूस करीत. त्यांचं नाव खोडायचं म्हणजे मला अपशकुन वाटे. मी ते राहू दिलं. त्यांना सर्वांचे फोल्डर बदलण्याची परवानगी होती, तीही राहिली.

व्हायचं तेच झालं. परीक्षेला बसण्याइतकी हजेरी कोणाची भरली, याचा अहवाल माझ्या फोल्डरमध्ये होता. त्यात तीन नावं वाढली. फोल्डर माझा, तेव्हा संशयही माझ्यावरच. तात्पुरती नोकरी जायला तेवढं पुरे होतं. मी घाबरून गेलो होतो, हे आज सांगायला हरकत नाही.

वरिष्ठांनी ताईंना बोलावून सांगितलं, "सबके फोल्डर खोलिए। अभी पता चल जाएगा।"

"सर, सबकी चाबी मेरे पास है, इसीलिए नहीं खोलूँगी," ताई म्हणाल्या.

मी शेजारीच उभा होतो. माझी सुटका त्या उघडण्यात असू शकली असती, म्हणून त्या क्षणी मला ताईंचा रागच आला. ताईंनी कोणाचा फोल्डर न उघडता, सर्व्हरवर कोण केव्हा आलं याची नोंद काढली. बदल मिश्राजींच्या नावाने झाला होता, भर दुपारी. मिश्राजींचा पासवर्ड त्यांच्या जुन्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर तसाच होता.

"अनंता, नाव का नाही हटवलंस?" ताईंनी विचारलं.

"ताई, रोज भेटतात घाटावर. जिंदा माणसाचं नाव कसं काटायचं?"

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी लेखी उत्तर दिलं की यादी तपासणं ही त्यांची जबाबदारी होती. माझी नोकरी टिकली, ताईंच्या फायलीत ताशेरा पडला. चौकशी चालू होती तेवढे दिवस त्यांनी मला दुपारी आपल्या टेबलाशी बसवून डब्यातलं अर्धं थालीपीठ दिलं, सर्वांना दिसेल असं. ज्यांनी ती नावं वाढवली त्यांनी आठवड्याभरात स्वतः येऊन कबुली दिली. त्यांचं नाव ताईंनी नंतर कधी उच्चारलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

त्यानंतर ताईंनी एक रीत पाडली. नाव काढण्याआधी त्या माणसाच्या घरी पेढे घेऊन जायचं आणि त्याचे अहवाल नीट ठेवल्याचं सांगायचं. पहिले मिश्राजीच. ते हसून म्हणाले, "अरे, हम तो हल्के हो गए!" माझी भीती तिथे गेली.

ती गेली असं मला वाटलं होतं. या वर्षी ताईंचा कार्यालयातला शेवटचा दिवस आला. साडेचारला त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "आता माझं."

"उद्या करतो, ताई."

"उद्या मी इथली नाही. आज हटव."

मी नाव काढलं. ताईंनी खुर्ची ओढली, स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाकून पाहिला. सर्व्हरने त्यांना आत घेतलं नाही. "बरोबर केलंस," असं म्हणून त्यांनी पर्स उचलली.

रीतीप्रमाणे पेढे आधी न्यायचे होते, ते मी दुसऱ्या दिवशी दूधविनायकला घेऊन गेलो. दार उघडंच होतं. इतक्या वर्षांच्या धाकाने मी उंबऱ्याबाहेर थांबून हाक मारली.

"अरे, आत ये ना," आतून ताई म्हणाल्या, "तुला कोणी रोकलंय?"

ताईंना निरोगी, भरभरून आयुष्य लाभो, आणि त्या दाराशी उभं राहून हाक मारली की आतून हेच उत्तर पुढची कितीतरी वर्षं येत राहो.