भावी राष्ट्राध्यक्षांची आई

माझी मुलगी मुक्ता अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला कधीही उभी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत ही गोष्ट मान्य असलेली माणसं आजही दोनच आहेत. एक मुक्ता आणि दुसरे तिचे वडील. (तिसरी मी, पण रोज नाही.)

मुक्ता तिकडे एका बर्फाळ राज्यात कॉलेजात शिकते. तिथली पद्धत अशी की, राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी मतदारच मत देऊन ठरवतात. इच्छुक डझनभर! त्यातल्या एका बाईंच्या प्रचाराला कॉलेजची पोरं फुकट राबत होती आणि त्यात आमचीही होती. दारोदार जायचं, बेल वाजवायची, पत्रक द्यायचं. एके दिवशी तिथल्या टीव्हीवाल्यांनी या पोरांवर बातमी केली आणि तीत मुक्ता दिसली. चार सेकंद!

निळी टोपी, मागे सगळं पांढरंशुभ्र. हातमोज्यांवर फुंकर मारत ती हसते, काहीतरी म्हणते, आणि संपलं.

मी शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. माझ्या यादीत नसेल तर आमच्या घरात दूधसुद्धा उतू जायला बिचकतं. पण त्या चार सेकंदांनी माझं काय झालं कोण जाणे! कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहायचा आणि मी ओट्याला टेकून फोनवर तो बर्फ बघत राहायचे. वाटायचं, आपल्याच गल्लीत भुरभुर पडतंय, मोटारसायकली हळूहळू पांढऱ्या होतायत, आणि मुक्ता एकेक दार वाजवत आमच्या दारापर्यंत येतेय. गुरुवारी आमचे हे बाजाराच्या वाटेवरून यादी घेऊन माघारी आले.

"कोथिंबीर, लिंबं, गूळ. आणि हे चौथं काय?"

मी लिहिलं होतं, 'बर्फ'.

मुक्ताने मात्र पहिल्याच दिवशी फोनवर बजावलं होतं, "आई, कुणाला दाखवू नकोस हं. पोरांनी परस्पर बातम्यांत झळकायचं नाही, असा इथे नियम आहे. पुन्हा असं झालं तर मला काढून टाकतील. आणि मला हे काम फार आवडतंय गं!"

"छे! मी कशाला दाखवतेय?" असं म्हणून मी शेजारच्या कुसुमकाकूंना तेवढं दाखवलं. (एकाच माणसाला दाखवणं म्हणजे काही दाखवणं नव्हे.)

दुपारी तालीम मंडळाचे अध्यक्ष संभाअण्णा दारात हजर!

"वहिनी, पोरगी अमेरिकेच्या टीव्हीवर आली आनि आमास्नी पत्ताच न्हाई? बोर्ड लावायचा!"

"नको हो अण्णा, ती रागावेल."

"अमेरिकेत बसून गल्लीतला बोर्ड दिसतोय व्हय तिला? चार दिवसांचा तर प्रश्न हाय. शुभेच्छुकांची यादी तेवढी तुमी बघा."

यादी! इथेच मी घसरले. छत्तीस शुभेच्छुक आणि प्रत्येकाला पहिली ओळ हवी. मी आधी मानाप्रमाणे लावले, मग वयाप्रमाणे, मग पुन्हा मानाप्रमाणे. फ्लेक्सवाल्याने फोनवर नमुना पाठवला. वर मुक्ताचा फोटो होता. तो मी बराच वेळ, अगदी गार वाटायला लागेपर्यंत पाहिला. मग थेट तळाशी उतरले आणि छत्तीसच्या छत्तीस नावं वेलांट्यांसकट तपासली. दोन चुका काढल्या. "छापा," म्हणून कळवलं.

मधली ओळ मी वाचलीच नाही.

आमच्या कोल्हापुरात बोर्डावर चढलेला माणूस भावी कुणीतरी असतोच. भावी नगरसेवक, भावी आमदार. फ्लेक्सवाल्याचा हात त्याला सरावलेला. त्यातून बातमी अमेरिकेची, म्हणून त्याने तोलामोलाचं पद दिलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या वीस फुटी बोर्डावर अक्षरं झळकली, 'अमेरिकेच्या भावी राष्ट्राध्यक्षा कु. मुक्ताताई यांचे हार्दिक अभिनंदन!'

"अण्णा! हे काय?"

"आता काय म्हनायचं! तुमीच तपासलासा की!"

मग रीघ लागली. कुरुंदवाडचे एक पावणं भाच्याच्या व्हिसाचे कागदच घेऊन आले. कोडोलीच्या आत्याबाईंचा फोन आला, "व्हय गं, त्या नोकरीत चार वर्षं सुट्टी न्हाई म्हनत्यात. मग पोरीचं लगीन कवा करायचं?" आणि संध्याकाळी गावातला एक चॅनलवाला कॅमेरा घेऊन उभा!

"ताई, मुक्ताताई निवडून आल्यावर पहिलं काम कोणतं करतील?"

चूक झाली आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण तोंडावर पांढरा उजेड पडला, समोरचं सगळं विरघळलं, आणि माझाच आवाज मला लांबून ऐकू आला, "आधी तिनं दोन वेळ नीट जेवावं!"

हे त्यांनी दाखवलं. दिवसभर दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मुक्ताचा फोन आला. आवाज एवढासा.

"आई, बोर्डाचा फोटो फिरत फिरत इथे पोचला. इथल्या एका पेपरवाल्यानं आमच्या ऑफिसात विचारलं, ही भावी राष्ट्राध्यक्ष कोण? आता ऑफिसच्या साहेबीणबाईंनी बोलावलंय मला. काढणार बहुतेक."

तो दिवस मी कसा काढला ते सांगवत नाही. शाळेत तीन दाखले चुकीच्या मुलांना दिले. बर्फातून हात खिशात घालून परत निघालेली मुलगी डोळ्यांसमोरून हलेना. तिला आवडणारं एक काम, आणि ते मी वीस फुटी करून घालवलं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा सात वाजता फोन.

"आई, ठेवलं मला! साहेबीणबाई बोर्ड बघून हसून हसून खुर्चीतून पडायच्या राहिल्या. म्हणाल्या, आपल्या उमेदवाराचासुद्धा एवढा मोठा फोटो अजून कुठे लागलेला नाही!"



आठवड्याने तिथे मतदान झालं. मुक्ताच्या उमेदवारबाई पाचव्या आल्या आणि त्यांनी माघार घेतली. हे मी फक्त ह्यांना सांगितलं. (स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.) संध्याकाळी बोर्ड उतरवून संभाअण्णा गंभीर चेहऱ्याने दारात आले. मागे निम्मी गल्ली.

"वहिनी, पडली म्हनून काय झालं? वय काय तिचं! पुढच्या येळंला बघा की!"

कुसुमकाकूंनी माझा हात हातात घेतला. "आपल्याच मानसांनी पाडली असनार. सगळीकडं त्येच चालतंय."

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी खोल श्वास घेतला, डोळे टिपले आणि म्हणाले,

"अगदी थोडक्यात पडली हो!"