खुर्सीपार गेटवरचा ओटीपी

जानेवारीतलं धुकं खुर्सीपारात एकटं येत नाही. पोलादाच्या प्लांटचा धूर त्याच्या गळ्यात हात टाकून येतो आणि दोघं गच्च्यांवर ठाण मांडून बसले की उन्हाला वाट मिळत नाही. अशाच एका सकाळी सुखराम हेमणे गच्चीवर खाटेपाशी उकिडवे बसून वड्या उलटवत होते. किसलेलं कोहळं आणि वाटलेली उडदाची डाळ, त्यांच्या बायकोनं, बेबीताईनं, आदल्या दिवशी जुन्या लुगड्यावर घातलेल्या वड्या. एकेक वडी उचलायची, काजळीचा कण बसला असेल तर फुंकून टाकायचा आणि ओली बाजू वर करायची. रिटायर झाल्यापासून हे खातं त्यांच्याकडे आलं होतं.

"हळू उचला," बेबीताई जिन्यातून म्हणाली. "मांगच्या खेपेले अर्ध्या वड्याईचा भुगा केला. म्हणे मिल चालवली."

"मिलमदी लोखंड होतं. थे असं रुसत नव्हतं."

तेवढ्यात शेजारच्या लहानू शिवणकरची रेणू धापा टाकत वर आली. हातात मोबाईल, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. रेणूनं रेल्वेची परीक्षा पास केली होती. गल्लीत पेढे वाटून झाले होते. आता कागदपत्रांची तपासणी परवावर आली होती आणि उत्पन्नाचा एक दाखला अजून दुर्गच्या तहसीलीत अडकून होता.

"काका, तिथला बाबू म्हणते, वडिलांच्या इन्कम टॅक्स रिटर्नच्या प्रती आण. आजच, पाचच्या आत. उद्यापासून साहेब सुट्टीवर हाय. अन् बाबांचं खातंच खुलून नाही राहिलं."

"पासवर्ड टाकला?"

"आठवले तेवढे सगळे टाकले. मंग थे लॉकच झालं. आता पासवर्ड विसरलो म्हणून केलं, तं ओटीपी कोण्या दुसऱ्याच नंबरवर जाते. हा पाहा, शेवटचे आकडे. हा आमचा नंबर नाही."

सुखरामनं चष्मा नाकावर सरकवला, आकडे पाहिले आणि हातातली वडी जिथल्या तिथं ठेवून दिली. नंबर त्यांच्या ओळखीचा होता. अनेक वर्षं त्यांच्याच टेबलावर वाजलेला.

झालं होतं असं. रूळ बनवणाऱ्या रेल मिलच्या सेक्शनमध्ये पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा लोक त्याच्याकडे नव्या सुनेकडे पाहावं तसं लांबून पाहत. सुखराम तेव्हा शिफ्टचा हिशेब ठेवायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते त्याच्यासमोर बसू लागले. पुढं रिटर्न ऑनलाइन भरायची वेळ आली तेव्हा सगळा सेक्शन त्यांच्याभोवती जमला. अडचण एकच होती. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये. लहानूसारखा क्रेनवर चढलेला माणूस ओटीपीसाठी खाली येणार कसा, आणि तो येईपर्यंत ओटीपी थांबणार कसा? सुखरामच्या टेबलावर सेक्शनच्या नावाचा एक मोबाईल असायचा. त्यांनी प्रत्येकाच्या खात्यात त्याचाच नंबर टाकला. ओटीपी टेबलावर यायचा, काम मिनिटात व्हायचं. सेक्शनमध्ये एकाचंही रिटर्न कधी राहिलं नाही, हे सुखराम लग्नमांडवातसुद्धा सांगायचे आणि ऐकणारे मान डोलवायचे. रिटायर होताना हारतुरे घेतले, चाव्या दिल्या, मोबाईल सिमसकट जमा केला. त्या सिमला साऱ्या सेक्शनची खाती टांगलेली आहेत हे त्या दिवशी हाराच्या वासात राहूनच गेलं.

तो मोबाईल आता विजयकुमारकडे होता. सुखरामनंच कामाला लावून, शिकवून तयार केलेला पोरगा. त्यांनी लगेच फोन लावला.

"विजय, बेटा, एक ओटीपी आया होगा. जरा बता दे."

"आया है चाचा. पर नहीं बताऊँगा."

"अरे, मैं सुखराम बोल रहा हूँ."

"आवाज़ पहचानता हूँ. आप ही ने सिखाया था ना, सगा बाप माँगे तो भी ओटीपी नहीं देना?"

सुखरामच्या मिशीत हसू फुटलं. फोन ठेवून ते रेणूला म्हणाले, "पक्का शिकला पोट्टा. आता दुसरी वाट. तुह्या बाबाच्या आधारले कोणता नंबर हाय?"

"त्याईचाच. बटनवाला फोन. पण बाबा फर्स्ट शिफ्टले गेले. फोन लॉकरात."

"मंग दोन वाजता गेटवर. आधारच्या ओटीपीनं पासवर्ड नवा करता येते. तू लॅपटॉप धर, नेट तुह्या मोबाईलवरून घेऊ."

"अन् वड्या?" बेबीताई म्हणाली.

"आल्यावर."

"जगाचे पासवर्ड तोंडपाठ. घरच्या गॅसचा नंबर विचारला का डोकं खाजवते," बेबीताई म्हणाली खरी, पण जाताना त्यांच्या मफलरचं टोक तिनंच नीट खोचून दिलं.

खुर्सीपार गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर दोघं बाकडं धरून बसले. दोनचा भोंगा झाला. सायकली, स्कूटी, पिवळ्या हेल्मेटांचा लोंढा बाहेर पडला. लहानू सगळ्यात शेवटी आला, नेहमीसारखा, सावकाश. तीस फुटांवरच्या क्रेनच्या केबिनमधून लांबच लांब रूळ उचलून झोपलेलं लेकरू ठेवावं तसा ठेवणारा माणूस. त्याला घाई ठाऊकच नव्हती.

"का झालं? कोणी मेलं का?"

"फोन काढ आधी," सुखराम म्हणाले.

पॅन टाकला, आधार टाकला, ओटीपी मागवला. सगळे त्या बटनवाल्या फोनकडे टक लावून बसले. फोन ढिम्म. वेळ संपला. पुन्हा मागवला. पुन्हा ढिम्म. रेणूनं गेटवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"पाहू," म्हणत सुखरामनं फोन हातात घेतला. मेसेजचा डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. "अरे लेका, डबा गच्च भरला हाय. नवा मेसेज बसीन कुठी? हे सिमवाल्याचे प्रेमपत्रं कायले जपून ठेवले?"

"पुसता येत नाही मले," लहानू म्हणाला. "अन् त्यात रेणूच्या परीक्षेचा मेसेज हाय. पास झाल्याचा. थो पुसू नोका."

टपरीवरचा चहावालासुद्धा हसला. रेणू हसली नाही. तिनं बापाच्या हातून फोन घेतला, एकेक जाहिरात पुसत गेली आणि तो एक मेसेज तिथंच राहू दिला. तिसऱ्यांदा ओटीपी मागवला आणि फोन टुणकन वाजला.

नवा पासवर्ड टाकायची चौकट उघडली. लहानूनं लॅपटॉप सवयीनं सुखरामकडे सरकवला. "टाका तुम्हीच."

सुखरामचं बोट कीबोर्डपर्यंत गेलं आणि थांबलं. सारी खाती याच बोटानं उघडली होती, याच बोटानं बांधून ठेवली होती. त्यांनी लॅपटॉप उलटा फिरवला.

"तू टाक."

"मी? काय टाकू?"

"मले सांगू नोको. तुह्या ध्यानात राहीन असं काही टाक. एक आकडा, एक मोठं अक्षर, एक खूण. मी तिकडं पाहतो."

आणि ते खरंच पाठ फिरवून गेटकडे पाहत बसले. मागं लहानूचं एकेक बोट कीबोर्डवर उतरत होतं, वरून रूळ उतरावा तसं, जागा बघून, हलकेच. खातं उघडलं. पहिल्यांदा लहानूचा स्वतःचा नंबर तिथं चढला. मग प्रती उतरवल्या गेल्या. रेणूनं त्या मोबाईलमध्ये घेतल्या, छापायचं दुकान तहसीलीसमोरच होतं, आणि ती ऑटोत बसली.

"जाय," लहानू म्हणाला. त्याचा हात ऑटोच्या दांडीवरून सुटत नव्हता. "मी जलमभर रूळ उचलले. तू त्याच्यावरून गाड्या चालव."

"बाबा, मी क्लर्क हाव."

"तं क्लर्की चालव."

ऑटो गेली. एव्हाना बाकड्याभोवती शिफ्टचे चार-पाच जण गोळा झाले होते. "काका, माहं बी खातं त्याच नंबरवर असन."

"तुह्यंच नाही, सगळ्याईचं हाय. चूक माही, काम बी माहं," सुखराम म्हणाले. "उद्यापासून रोज या. पण आपापला फोन घेऊन, डबा रिकामा करून. अन् कोणी म्हणन, काका तुमचाच नंबर टाका, तं चहा बंद."

"मंग तुमाले विचारीन कोण?"

"नोका विचारू. मी घरी वड्या उलटवीन."

हे म्हणताना त्यांची मान इतकी ताठ होती की मफलर सुटला तरी त्यांना कळलं नाही.

रेणूचा फोन आला तेव्हा ते गल्लीच्या तोंडाशी होते. बाबूनं कागद घेतले होते, साहेबांची सही झाली होती, दाखला तिच्या हातात होता. सुखरामनं "बरं" एवढंच म्हटलं आणि जिना चढले.

गच्चीवर ऊन उतरणीला लागलं होतं. खाटेचा अर्धा भाग सकाळी सोडला तसाच पडून होता. बेबीताईनं एकाही वडीला हात लावला नव्हता.

"तुमचं खातं तुमीच पाहा," ती खालूनच म्हणाली.

सुखराम पुन्हा उकिडवे बसले, एक वडी उचलली, फुंकली आणि पालथी केली.