चाँदभाई आणि पाच टिपाडं

धारूरच्या बाजारात चाँदभाईंचं दुकान विचारलं, तर लोक आधी विचारणाऱ्याचं वय बघतात. साठीच्या माणसाला म्हणतात, "रेडिओवाले चाँदभाई ना? ते काय, पुढं." चाळिशीतल्याला म्हणतात, "अँटिनावाले?" आणि कॉलेजातल्या पोरीला म्हणतात, "वायफायवाले, डाव्या हाताला." दुकान एकच, माणूस एकच, एवढंच काय, बसायचं लोखंडी स्टूलही तेच. हवेतून जे जे घरात येतं त्याची वाट मोकळी करून द्यायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. अँटिना घेऊन ते चढले नाहीत असं एक माळवद गावात शोधून सापडायचं नाही. कुठल्या घरचा अँटिना किल्ल्याकडं तोंड करून लावायचा आणि कुठल्या घरचा पाठ करून, हे त्यांना अजून पाठ आहे, आणि आता कुणी विचारत नसलं तरी ते सांगतात.

त्यांचा एक नियम होता. बिघाड सापडल्याशिवाय घरातून उठायचं नाही. या नियमापायी एका लग्नघरी टीव्ही दुरुस्त करताना ते लागोपाठ तीन पंगती जेवले होते.

तर अशा चाँदभाईंना सुभद्राबाईंच्या घरानं पार येडं करून सोडलं.

सुभद्राबाईंचं घर उताराच्या गल्लीत, अगदी खालच्या टोकाला. घरात त्या, एस.टी.त कंडक्टर असलेला मुलगा राम आणि सून योगिता. योगिताला पुण्याच्या एका कंपनीचं काम घरबसल्या मिळालं होतं. कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसायचं आणि विम्याच्या कागदांत अडकलेल्या लोकांना बोलून बोलून वाट दाखवायची. लॅपटॉप कंपनीनंच पाठवलेला. चाँदभाईंनी समोरच्या खोलीत भिंतीला वायफायची डबी ठोकली, लॅपटॉपला पासवर्ड दिला आणि पाच मिनिटांत पुणे समोर आणून उभं केलं. सुभद्राबाईंनी डबीला हळदकुंकू वाहिलं. हवा जायच्या भोकांत ते जाऊ नये म्हणून चाँदभाईंनी त्यांची पाठ फिरल्यावर हळूच फुंकर मारली.

आठ दिवस छान गेले. मग एके दिवशी लाइन अडखळायला लागली. समोरचा माणूस पॉलिसीचा नंबर सांगतोय आणि योगिताला त्यातले चारच आकडे ऐकू येतायत. दुसऱ्या दिवशीही तेच. चाँदभाईंना फोन गेला. एका लांबच्या कामावरून ते तिसऱ्या दिवशी आले, तर लाइन ठणठणीत. त्यांनी डबी बंद करून चालू केली, तिची शिंगं जरा वाकवली, चहा घेतला आणि गेले.

दहा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. ते आले तेव्हा पुन्हा लाइन ठणठणीत. या वेळी त्यांनी डबीचा चार्जर बदलला.

"तुमी आलाव की बरं व्हतंय," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमचा फोटोच लावून ठेवावा म्हन्ते डबीपाशी."

चाँदभाईंना हे बोलणं फार लागलं. समोरच्या खोलीतच बसून काम कर म्हणावं, तर ती खोली रस्त्याला लागून. दर पाच मिनिटाला एक ट्रॅक्टर गाणी लावून जाणार, आणि कंपनीला बंद दाराची शांत खोली हवी. लॅपटॉपला थेट वायर जोडावी, तर तिची खाच त्या सडपातळ लॅपटॉपला नव्हतीच, आणि बाकीची भोकं कंपनीनं कुलूपबंद केलेली. योगिताची खोली आत, मधल्या बोळाच्या पलीकडं. घराच्या भिंती दोन हात जाडीच्या, दगडी. फक्त समोरची खोली आणि बोळ यांच्यामधली भिंत रामनं नंतर घातलेली, एका विटेची. तेवढ्या एका वाटेनं आणि पुढं योगिताच्या लाकडी दारातून वायफाय आत जाई.

तिसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा चाँदभाईंनी डबीला हातच लावला नाही. स्वयंपाकघराच्या दारातल्या कॅलेंडरपुढं ते उभे राहिले. सुभद्राबाई नळ आलेल्या दिवसाला पेनानं गोल करत. नळ यायचा नऊ-दहा दिवसांनी, तेव्हा महिन्यात तीनच गोल. योगितानं लाइन अडखळल्याच्या तारखा मोबाइलात लिहून ठेवलेल्या. चाँदभाई एकेक तारीख वाचायला लावत गेले आणि कॅलेंडरवर बोट ठेवत गेले. प्रत्येक वेळी बोट गोलावर, नाहीतर गोलाच्या शेजारी.

"मोटार," चाँदभाई म्हणाले. चाळीस वर्षांचा अनुभव त्या एका शब्दात होता. "नळ आला की तुमी मोटार लावता. अख्खी गल्ली लावती. करंट खाली जातो, डबी गुदमरती. दुसऱ्या दिवशी वरच्या टाकीत पानी चढवायला परत मोटार. वहिनी, सापडलं."

उपाय सोपा होता, आणि तो वेळेवर सापडला होता. कारण कंपनीचा वरिष्ठ आता स्वतः तपासायला बसणार होता. एक तास. योगिता लोकांशी बोलेल, तो ऐकेल. त्या तासात लाइन तुटली तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर काम सोडायचं. राम डेपो सोडून जाणार नव्हता, म्हणजे काम सुटल्यातच जमा. योगितानं दिवस मागून घेतला तो गुरुवारचा, अकरा ते बारा. नळाची पाळी शनिवारची. गुरुवारी पाण्याची टिपाडं, म्हणजे मोठाली पिंपं, तळाला गेलेली असणार आणि मोटार लावायचा प्रश्नच नाही.

तरी गुरुवारी सकाळी चाँदभाई निघालेच. जैनबबीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डबा भरून पुढं केला.

"चौथी बार ना? अब वहींच बिस्तर डालो जी."

चाँदभाईंनी डबा घेतला आणि गेले.

साडेदहाला त्यांनी मोटारीची पिन काढली, वायर गुंडाळली आणि सगळं गुंडाळं स्वतःच्या बंडीच्या खिशात घातलं. अकराला योगितानं दार लावून घेतलं. चाँदभाई बोळात स्टुलावर, हातात मोबाइल. मोबाइलवर वायफायच्या चारही पट्ट्या उभ्या. आतून योगिताचा आवाज येत होता, गुळगुळीत, शहाणा, अगदी रेडिओसारखा.

अकरा वाजून दहा मिनिटांनी गल्लीतून हाक आली.

"नळ आला."

सुभद्राबाई स्वयंपाकघरातून अशा सुटल्या की पदर मागून आला. दोन दिवस आधी नळ आला होता. कावून आला, कुणी सोडला, हे विचारायची ती वेळ नव्हती. चाँदभाईंनी उठून खिशावर हात ठेवला.

"मोटार न्हाई, वहिनी."

"न्हाई तर न्हाई. आपलं खालचं घर हाय, पानी आपूआप येतंय. धारंनं भरते." आणि त्यांनी पाइप पहिल्या टिपाडात सोडला.

बोळात एका विटेच्या त्या भिंतीला टेकून टिपाडं ओळीनं उभी होती. निळी, दोनशे-दोनशे लिटरची, पाच. उताराच्या गल्लीत नळाला दाब तळाच्या घरांनाच मिळे. वरच्या टोकाला नुसती हवा. म्हणून वरच्या घरची विजयमाला दर नळाला घागर घेऊन खाली यायची आणि सुभद्राबाई तिला एक घागर पाणी आणि दोन टोमणे द्यायच्या. याहून जास्त पाणी त्यांनी आजवर कुणाला दिल्याचं गल्लीला आठवत नव्हतं.

पहिलं टिपाड भरलं. दुसरं भरलं. धार त्या दिवशी मनगटाएवढी होती. चाँदभाई स्टुलावर निवांत होते, कारण पिन त्यांच्या खिशात होती. तिसरं भरता भरता त्यांनी सहज मोबाइल बघितला. पट्ट्या दोन.

त्यांनी खिसा चाचपला. पिन जागेवर. बोळातला दिवा बघितला, लख्ख. चौथं टिपाड भरलं आणि पट्टी एक राहिली.

आतून योगिता म्हणाली, "सर, माझा आवाज येतोय का? सर?"

चाँदभाई उठले. मोबाइल वर धरला, टिपाडांच्या डोक्यावर, तर पट्ट्या तीन. खाली आणला, एक. पुन्हा वर, तीन. खाली बसले, एक. पाचव्या, रिकाम्या टिपाडापुढं खेकड्यासारखे सरकत गेले, तर चार.

"चाँदभाई," सुभद्राबाई पाइप धरून म्हणाल्या, "उठाबशा कावून काढायलाव?"

चाँदभाईंनी भरलेल्या टिपाडाला हात लावला. मग रिकाम्या टिपाडाला लावला. चाळीस वर्षं ते वर बघत आले होते. माळवदं, तारा, किल्ला. कमरेच्या खाली बिघाड असतो हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. आणि मग त्यांना हसू यायला लागलं. पोटातून, आवरता येईना असं.

"पानी," ते कुजबुजले. "वहिनी, पानी आडवं यायलंय. वायफाय पान्यातून जात न्हाई. तुमची टिपाडं भरली की आत रस्ता बंद. तुमी धुनं-भांडी करून पानी खाली आनता, मग मी येतो, मग सगळं बरं."

"पानी कुनाला आडवं येत असतंय व्हय?"

"डबी हलवता येनार न्हाई, हलवली की लाइनच जाती. टिपाडं सरकत न्हाईत. सोडा हे पानी मोरीत, वहिनी. आत्ता."

सुभद्राबाईंनी चाँदभाईंकडं असं बघितलं, की जणू त्यांनी दागिने मोरीत टाकायला सांगितलेत. आतून पुन्हा आवाज आला, "हॅलो, सर? हॅलो?" आणि त्या आवाजातला रेडिओ गेला होता, नुसती घाबरलेली पोर राहिली होती. सुभद्राबाईंनी एकदा टिपाडांवरून नजर फिरवली, पाइप उपसून तोंड बाहेरच्या हौदाकडं केलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"पानी मोरीत न्हाई जायचं," त्या म्हणाल्या. "विजयमाले. ए विजयमाले. हंडे घिऊन ये. समद्या या. पर तोंडातून शब्द काढाल तर याद राखा."

पुढचा अर्धा तास धारूरच्या त्या गल्लीत जे झालं ते पुन्हा कधी होईल असं वाटत नाही. हंडे, कळश्या, बादल्या, तेलाचे डबे, शेजारचा आसाराम तर पोराचा अंघोळीचा टब घेऊन आला. सगळ्या बाया बोळात एकीमागं एक, आणि कुणालाही बोलायची परवानगी नाही. सुभद्राबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या. कळशी कळशीला लागू नये म्हणून मध्ये टॉवेल. चाँदभाई टिपाडात कमरेपर्यंत वाकून मग्गे भरभरून देत होते, बाह्या भिजल्या, बंडी भिजली, खिशातली पिनही भिजली.

विजयमाला कुजबुजली, "आज सूर्य कुनीकडनं उगवला म्हनावं?"

"गप, भवाने," सुभद्राबाई तेवढ्याच हळू म्हणाल्या. "सुनंच्या नोकरीचं पानी हाय. सांडलंस तर बघ."

मागच्या बाईला हसू फुटलं. तिनं तोंडात पदर कोंबला. तिच्या मागचीचे खांदे हलायला लागले. बोलायचं नाही म्हटल्यावर प्रत्येक गोष्टीचंच हसू. आसाराम टब डोक्यावर घेऊन पाय घसरत, सावरत, शाळेच्या नाटकातल्या चोरासारखा चवड्यांवर निघाला, आणि ते बघून सुभद्राबाई स्वतःच भिंतीला टेकल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज नाही.

एक पट्टी. दोन पट्ट्या.

तेवढ्यात कुणाचं तरी झाकण निसटलं आणि बोळभर ठणठणत गेलं. सगळ्या जागच्या जागी थिजल्या. कुणी हंडा अर्धा उचललेला, कुणी पाय अधांतरी.

दाराआडून योगिताचा आवाज आला, एकदम स्वच्छ. "नाही सर, काही नाही. घरात पाणी आलंय."

तीन पट्ट्या. चाँदभाईंनी तीन बोटं वर करून सगळ्यांना दाखवली, आणि बायांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे तळहात एकमेकांना न लावता.

बाराला पाच मिनिटं असताना पाचही टिपाडं तळ दाखवत होती. हौदाची धार कधीच थांबली होती, नळ गेला होता. बारा वाजून दोन मिनिटांनी दार उघडलं. योगिता बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. बोळभर चिखल, चिंब झालेले चाँदभाई, भिंतीला टेकलेल्या सासूबाई, आणि सगळी वरची गल्ली श्वास रोखून तिच्या तोंडाकडं बघतेय.

"आत्याबाई, हे काय?"

"ते ऱ्हाऊ दे. काय म्हनला त्यो?"

"मध्ये पाच-दहा मिनिटं आवाज अडखळला म्हणाले. मग लाइन एकदाही तुटली नाही. आता नेहमीचं काम इथूनच करा म्हणाले."

मग मात्र इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. विजयमालानं रिकामा हंडा वाजवला, कुणी योगिताच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, आसाराम टबावर ताल धरून उभा. चाँदभाईंनी जैनबबीला फोन लावला आणि नुसतंच म्हणाले, "सापडलं. इस बार सच्ची में." पलीकडून काय उत्तर आलं ते या गोंगाटात त्यांना ऐकू आलं नाही.

सुभद्राबाईंनी रिकाम्या टिपाडांकडं एकदा बघितलं आणि भानावर आल्या.

"चाँदभाई, ती डबी हलवा. दर नळाला ही जत्रा परवडायची न्हाई मला."

"सोमवारी, वहिनी. बीडहून वायर जोडनारा मानूस येतो. पार आढ्याला टांगतो डबी, पान्याच्या वर."

विजयमाला भरली घागर कमरेवर घेऊन दारापर्यंत गेली होती. ती तिथून वळली.

"सोमवारीच कावून, चाँदभाई?" ती म्हणाली. "लई घाईचं काम न्हाई ते. एक-दोन नळ जाऊ द्या की मधी."