दोन डिग्र्या आणि मामाचे मोजे

किस्से सगळ्याच दवाखान्यांत जमतात. पायांच्या दवाखान्यात मात्र ते दाराबाहेरच्या चपलांसारखे जमतात. एक जोडी नीट लावेपर्यंत चार नव्या येऊन पडतात, आणि एखादी संध्याकाळी न्यायला कुणी येतच नाही.

आमचा दवाखाना उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हो, पायांचा दवाखाना आणि लिफ्ट नाही! दवाखाना सरांचा; त्यांना विचारलं तर म्हणतात, "बेटा, जो स्वतः चढून आला तो अर्धा बरा झालाच समज." मी फिजिओथेरपी शिकलेली, वर पायांच्या काळजीचा एक कोर्स केलेला. ड्रेसिंगला रेश्माताई. पेशंट बहुतेक शुगरचे. शुगर जुनी झाली की तळपायाची जाणीव जाते. खिळा घुसला तरी कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

* * *

चामटोलीचे बारकूबाबा पहिल्यांदा आले ते अनवाणी. चपला कुठे? तर खाली, जिन्याच्या पायथ्याशी.

"बाबा, चपला घालूनच वर यायचं. आम्हाला त्या बघायच्या असतात, कुठे झिजल्यात ते."

"डॉक्टरकडं चपला घालून? देवळात जाता का तुमी तसं?"

रेश्माताईनं त्यांचा पाय मांडीवर घेतला. बोटांच्या बेचक्यात स्टेपलरची पिन, पार आत. आजूबाजूचं मांस काळं पडलेलं. बाबा आढ्याकडे बघत मजेत बसलेले. तिनं चिमट्यानं पिन काढून त्यांच्यासमोर धरली. "ही कधीची?"

बाबांनी ती उलटसुलट बघितली. "माजी नाय ती. मी शाळंत गेलोच नाय!"

आम्ही दोघी खूप हसलो. बाबाही हसले. दोन महिन्यांनी त्यांची दोन बोटं गेली.

* * *

याच दिवसांत मी तो फॉर्म भरायला घेतला होता. परदेशात पायांच्या डॉक्टरकीची वेगळी डिग्री असते, आणि काही ठिकाणी तिच्या जोडीनं दुसरी डिग्रीही घेता येते. एक रकाना होता: जोडीला काय? मॅनेजमेंट, संशोधन, की सार्वजनिक आरोग्य? तीन चौकोन. एकात खूण करायची.

एवढ्या तीन चौकोनांवर अख्ख्या गावाचं मत होतं!

सर म्हणाले, "एमबीए कर. कॅम्प एक ते पाच, प्रत्येकात ब्रँच टाकू. लिफ्टवाली!"

सोसायटीतल्या काकू म्हणाल्या, "पायांची डॉक्टर म्हणजे ते पार्लरमध्ये टाचा घासतात तसं का गं? त्याला दोन डिग्र्या?"

आणि मामा म्हणाला, "एका ताटात दोन जेवणं? एक इथं जेव, एक सासरी जाऊन जेव."

मामाबद्दल सांगायला हवं. माझे वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. मामा आईला आणि मला बदलापूरला शिरगावात, त्याच्या आणि मामीच्या घराशेजारी घेऊन आला. अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्यभर उभ्यानं काम केलं आणि मला शिकवलं. आमच्यात भाची मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाचीच्या पडतो. दर दिवाळीत हा दांडगा माणूस माझ्यासमोर वाकायचा आणि मी लाजेनं पाय मागे घ्यायचे. चुकून माझा हात त्याच्या पायाला लागला तर पाप त्याला, असं आजीनं डोक्यात भरवलेलं.

त्याला बारा वर्षांची शुगर होती. त्याचा तळपाय मी कधीच पाहिला नव्हता.

* * *

कॅम्प चारमधल्याच एका चाचींना आम्ही खास चप्पल शिवून दिली. मऊ तळाची, जखमेच्या जागी खोलगट. महिन्यानं आल्या, जखम वाढलेली. चप्पल पिशवीत, पिशवी प्लास्टिकमध्ये, प्लास्टिकला रबर.

"चाची, घातली का नाही?"

"इतनी अच्छी चप्पल घर में कौन पहनता है? भतीजे की शादी के लिए रखी थी।"

"मग लग्नात तरी घातलीत?"

चाचींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेडी. "साडी के साथ मैचिंग नहीं थी ना!"

* * *

आमच्याकडे एक तपासणी असते. नायलॉनचा जाडसर धागा तळपायाला टेकवायचा, पेशंटनं डोळे मिटून 'हो' म्हणायचं. अंबरनाथचे एक निवृत्त मास्तर आले. डोळे मिटले आणि सुरू झाले. हो. हो. हो.

"मास्तर, मी अजून धागा लावलेलाच नाही!"

"मग लाव ना लवकर. मी काय नाही म्हणतोय?"

ही पिढीच अशी! परीक्षा आपल्या पायाची आहे हेच कळत नाही, फक्त पास व्हायचं असतं. मी चिडून म्हटलं, "डोळे उघडा आणि बघा." धागा तळव्यावर वाकेपर्यंत दाबला. मास्तर बघत राहिले. एका जागी, दुसऱ्या जागी, पाच जागी. मग हळूच म्हणाले, "हा माझाच आहे ना गं?"

त्या दिवशी मी घरी येऊन तिसऱ्या चौकोनात खूण केली. सार्वजनिक आरोग्य. कारण आमचा जिना चढून जे येतात ते उशिराच येतात. कुणीतरी जिना उतरून जायला पाहिजे.

* * *

तर मीच उतरले. रविवारी शिरगावातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय तपासणी ठेवली. सर आले, रेश्माताई आली. आणि सगळी धावपळ कुणी केली? मामानं! खुर्च्या त्यानं लावल्या, चहा त्यानं सांगितला. म्हाताऱ्यांना घरातून हाताला धरून आणलं. "मोजे काढा हो, लाजता काय? माझी भाची आहे, तिला सगळं कळतं!" दारात उभा राहून ओरडत होता.

शेवटचा पेशंट गेला. मी रिकामी खुर्ची पुढे ओढली. "मामा, बस. मोजे काढ."

"यजमान कधी आधी जेवतो का?"

"सगळे जेवून गेले, मामा."

"मग यजमान मागचं आवरतो." आणि खुर्ची माझ्या समोरून उचलून भिंतीला लावली.

मी म्हटलं, मला नको दाखवू, सरांना दाखव. तर म्हणे, "तुझ्या साहेबासमोर पाय वर करून बसू? तुझी काय शोभा राहील?" मी सरांसमोरच ओरडले त्याच्यावर. तुम्हा लोकांना मरण चालतं, फक्त पद्धत मोडायला नको, असं काहीतरी बोलले. तो हसला. चहाचे कप गोळा करत राहिला. करड्या रंगाचे मोजे होते. डाव्या पायाचा मोजा करंगळीपाशी जरा गडद दिसत होता. मी तो पाहिला. मला वाटलं, चहा सांडला असेल.

माझा व्यवसाय हाच. आणि मला वाटलं, चहा.

* * *

तीन आठवड्यांनी मामीचा दवाखान्यात फोन आला. "अगं, यांच्या खोलीत वास येतोय. उंदीर मेलाय म्हणून सगळं कपाट सरकवलं. उंदीर नाहीये."

मी आणि रेश्माताई रिक्षा करून गेलो. मामाला ताप होता. मला बघून त्यानं पाय चादरीखाली ओढून घेतला. "तू नको. तिला बघू दे." मी दारात उभी राहिले. रेश्माताईनं मोजा कात्रीनं कापून काढला. आत हळद होती, टूथपेस्ट होती, आणि माझ्याच तपासणीत वाटलेल्या कागदाची घडी, बोटांच्या मध्ये घातलेली. त्यावर छापलं होतं: पाय रोज पाहा.

रेश्माताई माझ्याकडे वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "सरांना फोन लाव."

पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

* * *

फॉर्मची मुदत या आठवड्यात संपते. तीन चौकोनांखाली एक मोठी चौकट आहे: ही जोडीची डिग्री तुम्हाला का हवी आहे, आपल्या शब्दांत लिहा. ती मी रोज उघडते आणि बंद करते. सर विचारतात, "भरला का?" मी म्हणते, "होईल." मामीनं विचारलं, तू गेलीस तर रेश्माताईला ड्रेसिंगला कोण आणणार? 

काल ड्रेसिंगला रेश्माताई येऊ शकली नाही. मामीनं प्रयत्न केला, पण पट्टी चिकटली होती, सुटेना. मी नेहमीसारखी दारात, चौकटीला टेकून तोंडानं सांगत होते. आधी ओलं कर, मग सोडव, ओढू नको. मामी रडायला लागली.

मामानं डोळे उघडले.  मग गुडघ्याखाली उरलेलं ते टोक दोन्ही हातांनी स्वतःच उचलून त्यानं टॉवेलवर ठेवलं, आणि टॉवेल माझ्या बाजूला सरकवला.

"ये गं," म्हणाला. "लाव हात. आता तिथं पाय कुठाय?"