दहा फुटांवरचं कमळ

आमच्या अंगणात एक तळं आहे आणि मला त्याच्या दहा फुटांच्या आत जायला बंदी आहे. तळं मीच बांधलेलं आहे. बंदी माझ्या आईने घातली आहे आणि घरातल्या सगळ्यांनी ती एकमताने मंजूर केली आहे.

कवठे येमाईच्या अलीकडे आमची वस्ती. घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी., आणि तीसुद्धा वनस्पतिशास्त्रात. माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, हे कधीच नीट कळलं नाही. "झाडाचं शिकाया शिरूरला कशाला? झाडं हितं हायेत," एवढं ते एकदाच म्हणाले, आणि तरी तीन वर्षं रोज सकाळी मला सायकलवर डबलसीट घेऊन एसटीच्या थांब्यावर सोडत राहिले. पुढे नोकरी लागली शिक्रापूरच्या एका कारखान्यात, बाटल्यांची झाकणं तपासायची. त्यामुळे माझ्या पदवीचा उपयोग गावात कुणाला दिसलेला नव्हता. (मलाही नव्हता.)

मी पदवीधर झालो तो कुलथे सरांमुळे. पहिल्या वर्षी इंग्रजीतली नावं ऐकून मी पळून यायच्या बेतात होतो, तेव्हा सरांनी मला संध्याकाळी थांबवून घेऊन सगळं पुस्तक मराठीतून समजावलं. या सरांना एकच हौस. कॉलेजच्या मागच्या हौदात कमळ फुलवायचं. दरवर्षी ते कंद लावायचे आणि दरवर्षी आम्ही पोरं प्रॅक्टिकलच्या नावाखाली तो उपटून बघायचो. सर निवृत्त झाले, पण हौदात कमळ काही फुललं नाही.

म्हणून नवं घर बांधायला काढलं तेव्हा मी सरांना फोन केला. "सर, वैशाखात घरभरणी आहे. तुम्ही यायचं. आणि आमच्या अंगणात फुललेलं कमळ बघायचं."

सर हळव्या आवाजात म्हणाले, "खरंच? मग येतो बाबा. नक्की येतो."

त्यांचा तो आवाज ऐकून मला इतकं भरून आलं की मी त्याच दिवशी कुदळ घेतली. अडचण एवढीच होती की त्या क्षणी माझ्याकडे तळं नव्हतं, कमळ नव्हतं आणि घरालाही अजून छप्पर नव्हतं.

खड्डा खणायला लागल्यावर वस्तीवरचे लोक बघायला आले. "शेफ्टी टाकी येवढी उथळ?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "म्हशीला डुंबाया केलाय." मी सांगितलं, कमळ लावायचंय. त्यावर दोघंही आप्पांकडे गेले आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले, जसं लोक आजारी माणसाच्या घरी बसतात.

रोपांसाठी मी शिरूरजवळच्या रफिकभाईंच्या नर्सरीत गेलो. जाताना मोबाइलवर अकरा व्हिडिओ बघितले होते. यादीत पंधरा पाणवनस्पती होत्या. रफिकभाईंनी यादी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

"तळं केवढं हाय?"

"आठ बाय सहा."

"मंग पंधरा झाडं लावल्यावर पाणी कुठं ठिवनार?"

शेवटी त्यांनीच निवड केली. काठाला वेखंड, मध्ये कुमुदिनीचं एक रोप आणि कमळाचा एक कंद. मला कोपऱ्यातली जांभळ्या फुलांची जलपर्णीही आवडली होती, पण ते म्हणाले, "ती कुनाला मी देत न्हाई. दौंडला जाऊन भीमेचं पानी दिसतंय का बघून या, म्हंजी कळंल. ही तर येका पाव्हन्यानं आणून टाकली, तवापास्नं माझ्याकडं ऱ्हायली." निघताना त्यांनी कंद माझ्या हातात ठेवला आणि हात तसाच धरून ठेवला. "सायेब, कमळाला एकच काम आस्तंय. लावायचं आन् इसरायचं. तेवढं जमंल ना?"

"त्यात काय," मी म्हणालो.

मला ओळखणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. मी कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तीनदा झाकणाला कान लावणारा माणूस आहे. बायको, सुरेखा, भात लावते तेव्हा मला दुकानात पिटाळते.

कंद लावायला मी नर्सरीचंच मिश्रण आणलं होतं, छान हलकं, नारळाच्या भुश्शाचं. टोपलीत ते भरलं, कंद लावला, टोपली तळ्यात सोडली. सगळं मिश्रण वर तरंगलं. पाच मिनिटांत तळ्याचा रंग चहासारखा झाला आणि मध्ये कंद एकटाच पोहत होता. आई दारातून म्हणाली, "साखर टाकू का?"

आप्पा शेतात गेले, पाटाच्या कडेचा काळा गाळ घमेल्यात भरून आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. कंद हातात घेऊन त्यांनी फिरवून पाहिला.

"ह्ये तर बेनं हाय."

"आप्पा, हा कंद आहे. ऊस वेगळा."

"पेरं हायेत. डोळं हायेत. आडवा दाबायचा, डोळा वर ठिवायचा. तुमच्या बुकात काय बी म्हनू दे."

पुस्तकातही नेमकं तेच होतं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

इथे तळ्याचं काम संपलं आणि माझं सुरू झालं. पहिल्या दिवशी मी कारखान्यातून सुरेखाला चार फोन केले. "काही दिसतंय का?" चौथ्या फोनला ती म्हणाली, "दिसतंय. पाणी." तिसऱ्या दिवशी मला वाटलं की कंद कुजला असावा. बाही वर करून हात घातला, कंद बाहेर काढला, वास घेतला, परत लावला. पाचव्या दिवशी मुळं फुटली का ते बघितलं. सातव्या दिवशी डोळा वर आहे की खाली, अशी शंका आली. आठव्या दिवशी आधीची शंका बरोबर होती का, अशी शंका आली.

"आरं, उसाचं बेनं कुनी रोज उकरून बघतंय व्हय?" आप्पा म्हणाले.

"मी फक्त निरीक्षण करतोय, आप्पा."

"मंग डोळ्यानं कर की. हातानं कशाला?"

त्यात कुणीतरी व्हिडिओत म्हणालं की कंदाला ताकद लागते. आप्पांच्या खोपीत ठिबकमधून सोडायच्या खताची पिशवी होती. मी एक चमचा टाकला. दुसऱ्या दिवशी फरक दिसेना म्हणून आणखी दोन टाकले. आठवड्याने फरक दिसला. तळं असं हिरवंगार झालं की वस्तीवरची एक शेळी चुकून गवत समजून त्यात उतरली. शेळी काढण्यात टोपली उपडी झाली. (हे माझ्या पथ्यावर पडलं. कंद बघायचाच होता.) मग सगळं पाणी उपसलं, बोअरचं पाणी भरलं, आणि आईने त्या दिवशी धुणं धुताना सगळा राग माझ्या शर्टांवर काढला.

कुमुदिनी मात्र बेरकी. मी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं, म्हणून तिने चार पानं पसरून दिली. कमळाचं नाव नाही. घरभरणीला एक दिवस उरला तेव्हा मी तळ्याच्या काठावर बसलो होतो आणि मला सर फोनवर "खरंच?" म्हणाले होते तो आवाज सारखा ऐकू येत होता.

आप्पा शेजारी येऊन बसले. पूजेच्या यादीत गुरुजींनी कमळं लिहिली होती आणि ती आप्पांनी शिरूरहून आणली होती. त्यातली एक कळी त्यांनी माझ्यापुढे धरली.

"सरांचं मन ऱ्हायला पायजे ना?"

"आप्पा, ते वनस्पतिशास्त्राचे सर आहेत."

"म्हातारं मानूस. लांबनं बघत्याल आन् जेवाया बसत्याल."

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी कळीच्या पाकळ्या बोटांनी एकेक करून उघडायला लागलो. आप्पांनी ठिबकच्या लॅटरलचा, म्हणजे काळ्या नळीचा, हातभर तुकडा कापून आणला. कमळाचा तोकडा देठ त्यात घट्ट बसला. नळीचं दुसरं टोक त्यांनी गाळात खोचलं, कुमुदिनीची पानं भोवती ओढून घेतली आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. खोटं सांगत नाही, सुंदर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सर आले. अंगणात पाऊल टाकलं आणि थांबले. पाणी, पानं आणि मधोमध गुलाबी कमळ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग लांबून बघून जेवायला न बसता सरळ तळ्याच्या काठाला उकिडवे बसले.

"पान कुमुदिनीचं," सर हळू आवाजात म्हणाले. "देठापर्यंत चीर आहे. फूल कमळाचं." मग वाकून त्यांनी पाण्यात बघितलं. "आणि देठ?"

मी जमिनीकडे बघत होतो. आप्पा मदतीला धावले. "सोळा एमएम हाय सर. बारा घातली आसती तर फूल झुकलं आसतं."

सर हसायला लागले ते थांबेचनात. शेवटी डोळे पुसत ते मला म्हणाले, "अरे, मला कमळ नको होतं. कुणीतरी माझ्यानंतर लावलं, एवढं बघायचं होतं. कंद तरी लावलास ना?"

"लावलाय सर! दाखवतो." आणि ते नको नको म्हणेपर्यंत माझा हात सवयीने टोपलीत गेला होता. कंद वर आला. त्याच्या टोकाला बोटभर लांब कोंब होता, आणि कोंबावर कागदासारखं घट्ट गुंडाळलेलं कमळाचं पहिलं पान. मी ते सरांना नीट दिसावं म्हणून जरा वळवलं.

कट्, असा आवाज आला.

तुटलेला कोंब माझ्या बोटांत होता.

"तुला प्रॅक्टिकलला किती मार्क दिले होते मी?" सरांनी विचारलं.

"पन्नासपैकी अठ्ठेचाळीस, सर."

"दोन का कापले होते, आठवतं?"

"मूळ उपटताना तोडलं म्हणून."

"कमी कापले," सर म्हणाले आणि जेवायला बसले.

त्याच संध्याकाळी आईने बंदी जाहीर केली. आप्पांनी राहिलेला कंद डोळा बघून कापला, गाळात आडवा दाबला आणि माझ्या समोर तळ्याभोवती दहा फुटांवर चुन्याची रेघ ओढली. मी खिडकीत बसू लागलो.

आषाढात कमळ फुललं. आप्पांनी त्या दोन महिन्यांत तळ्याकडे फार तर दोनदा बघितलं असेल. मी खिडकीतून फोटो काढला आणि सरांना पाठवला. खाली लिहिलं, "सर, तुमच्या विद्यार्थ्याचं कमळ."

सरांचं उत्तर लगेच आलं. "अप्रतिम. आप्पांना पन्नासपैकी पन्नास. फोटो एवढा अस्पष्ट का?"

मी लिहिलं, "सर, रेघेच्या बाहेरून एवढाच येतो."